शिल्लकरावांचा बोल्ट

आमच्या दादाला घरात सगळे शिल्लकराव म्हणतात. त्याने काहीही दुरुस्त केलं की एखादा स्क्रू नाहीतर स्प्रिंग हमखास शिल्लक राहते. मिक्सर झाला, इस्त्री झाली, दाराचं कुलूप झालं. वस्तू चालते, पण तिच्यातलं काहीतरी दादाच्या खिशात असतं. विचारलं तर म्हणणार, "ते कंपनीने उगाच जास्तीचं घातलेलं असतं." आणि हाच माणूस छापखान्यात मुद्रितं तपासतो! तिथे त्याच्या नजरेतून एक काना-मात्रा सुटत नाही. घरी येताना ती नजर कुठे ठेवून येतो, देव जाणे.

त्यामुळे गाडीचे मागचे ब्रेक पॅड आपण घरीच बदलणार असं त्याने जाहीर केलं, तेव्हा वहिनीने कपाळाला हात लावला. पॅड झिजून कोकलत होते हे खरं. पण दुसऱ्या दिवशी त्यांची लेक तीच गाडी घेऊन नव्या नोकरीवर एकटी निघणार होती आणि वाटेत टेकडीचा लांबलचक उतार होता.

"गॅरेजला द्या ना, अहो."

"गॅरेजवाल्याची मुलगी जाणारे का त्या उतारावरून? माझी जाणारे."

वहिनीने मग अट घातली. "एक स्क्रू जरी शिल्लक राहिला तरी पोरगी बसने जाईल. आणि पुन्हा घरातल्या कशालाही हात लावायचा नाही." एवढं बोलून ती अंगणात स्टूल टाकून पहाऱ्याला बसली. स्टूलही दादानेच ठीक केलेलं, त्यामुळे ते तिच्याखाली कुरकुरत होतं. मी चहाचा कप घेऊन त्यांच्या लेकीशेजारी पायरीवर बसले. असा तमाशा कोण सोडेल?

दादाने पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, जॅक लावून मागचं चाक काढलं. पॅड ज्या पकडीत बसतात ती सोडवून त्याने तारेने वर बांधली, ब्रेक-तेलाच्या नळीवर भार नको म्हणून. आतला दट्ट्या नुसता दाबून मागे जाईना, तो फिरवत फिरवत दाबावा लागला. दादा घामाघूम झाला, पण नवे पॅड बसले. मग दुसरी बाजू. शेवटी गाडीत बसून त्याने ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला! वहिनी पांढरीफटक पडली. "पहिल्यांदा असंच होतं गं," म्हणत तो दाबत राहिला आणि पेडल हळूहळू घट्ट झालं. मीही तेव्हाच श्वास सोडला.

मग सुटे भाग ठेवायला खाली पसरलेला कागद उचलायला तो वाकला. कागदाच्या कडेला एक बोल्ट पडला होता.

नेहमीचा दादा असता तर बोल्ट गुपचूप खिशात गेला असता. त्याने लेकीकडे पाहिलं, बोल्ट उचलला आणि वहिनीच्या तळहातावर ठेवला. "शिल्लक आहे," म्हणाला. मला त्याची फार कीव आली.

"बाबा, बसने जाते मी. त्यात काय एवढं," लेक हळूच म्हणाली.

"थांब. दोन्ही चाकं पुन्हा उघडतो. छापखान्यात करतो तसं वाचू. तू डावीकडचं वाच, मी उजवीकडचं ताडून बघतो."

झालं, वाचन सुरू झालं. "वरचा बोल्ट." "आहे." "खालचा बोल्ट." "आहे." "आतली पट्टी." "आहे." मग बाजू बदलून पुन्हा पहिल्यापासून. काही म्हणता काही कमी नव्हतं. हातातला बोल्ट कुठे बसतही नव्हता, सगळ्याच भोकांना तो मोठा होत होता.

"नीट बघा," वहिनी म्हणाली आणि स्वतःच बघायला पुढे वाकली. त्यासरशी स्टुलाचा पाय निसटला आणि ती हातातल्या बोल्टासकट कागदावर येऊन बसली. लेकीने स्टूल उलटं केलं. पायाच्या वर एक रिकामं भोक. तिने आईच्या हातातला बोल्ट घेऊन त्यात घातला. चपखल बसला.

वहिनीला उठवायचं सोडून आम्ही हसत सुटलो. दादा तर चाकाला टेकून हसता हसता डोळे पुसत होता. "गाडीनेच जा गं बाई," वहिनी खाली बसूनच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळभर ती फोनपाशी घुटमळत होती. एकदाचा तो वाजला.

"आई, गाडी थांबली!"

"थांबली? अगं, कुठे थांबली?"

"ऑफिसच्या दारात. उतारावर सिग्नलला पण थांबली. जिथे म्हटलं तिथे थांबते. सांग बाबांना."

वहिनीने फोन ठेवला, तेच स्टूल ओढलं आणि त्याचा पाय न चाचपता त्यावर बसली.

"अहो," ती म्हणाली, "मिक्सर पुन्हा आवाज करतोय. जरा उघडून बघता का?"