पानावरच्या रिकाम्या जागा

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ एक निवृत्त संगीतशिक्षक एकटे राहतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांच्या हार्मोनियमच्या धड्यांची एक जुनी वेबसाइट होती. तीन वर्षांपूर्वी ती नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. मी जरीपटक्यात घरूनच वेबसाइट बनवते. सरांनी स्वतःच फोन केला होता. "नव्या मोबाइलवर लयच घोळ होते. एका धड्याचं नाव वाचते अन् दुसराच धडा लागते. येऊन पाहून जा."

मे महिन्याची दुपार होती. कूलर सुरू असूनही खोली तापलेली. सर कॉम्प्युटरसमोर बसले आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी सुरू केलं. पुरुषाचा सपाट, यंत्राचा आवाज.

"तक्ता. बारा ओळी, तीन स्तंभ. धडा पहिला." आणि त्याच सुरात पुढे, "पाय जपून. समोर खुर्ची आहे."

मी पडद्याकडे पाहिलं. पहिल्या आणि दुसऱ्या धड्याच्या मध्ये नुसती पांढरी जागा होती.

"सर, हे कुठं लिहिलंय?"

"तुले दिसत नाही?"

"नाही."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "ते तुझ्यासाठी नाही वं."

आवाज वाचत राहिला. "धडा दुसरा. पाणी पिऊन घे. धडा तिसरा. मी इथंच आहे."

कूलरची हवा मानेवर येत होती, तरी मी खुर्ची सरकवून भिंतीला पाठ टेकवून बसले. मग पानामागचा कोड उघडला, तेव्हा उलगडा झाला. वेबसाइट फार जुन्या पद्धतीची होती. सगळं पान एका तक्त्यात बसवलेलं, आणि घरांमध्ये अंतर राहावं म्हणून जागोजागी ठिपक्याएवढी पारदर्शक चित्रं ठेवलेली. पूर्वी सगळेच तसं करायचे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी चित्रामागे दोन शब्द लिहून ठेवता येतात. अशा चित्रांमागे कोणी काही लिहीत नाही. इथे प्रत्येक चित्रामागे लिहिलेलं होतं. गॅसजवळ जाऊ नको. अंगणात ओलं आहे. झोप आता.

"कोणी बनवली ही, सर?"

"माझ्या ताईनं. क्लासले जाऊन शिकली होती. होती तोवर तीच पान उघडे, तीच धडा लावून दे. मले मशीनले हात लावू देत नव्हती. ती गेल्यावर मी हे वाचणारं शिकलो. तेव्हा पहिल्यांदा ऐकलं."

म्हणजे ती असेपर्यंत या शब्दांची गरजच नव्हती. आपण नसताना ऐकू यावेत म्हणूनच तिने ते लिहून ठेवले होते.

नवी पद्धत मी त्यांना समजावून सांगितली. तक्ता काढायचा, मजकूर सरळ एकाखाली एक लिहायचा, आणि कुठे किती जागा सोडायची ते वेगळ्या फाइलमध्ये, सीएसएसमध्ये, सांगायचं. मग फोन धडे नीट ओळीने वाचेल. पण ती चित्रं जातील.

"ताईंचे शब्द दुसरीकडे ठेवू का?"

सरांनी हार्मोनियमच्या झाकणावरून बोटं फिरवली. "काढून टाक. चार वर्षं झाली, बोलूनच राहिली. आता तिले आराम दे."

आठवडाभर बसून मी सगळं नव्याने लिहिलं. जुन्यातलं काही उचललं नाही, धड्यांची नावंसुद्धा हाताने टाइप केली. मग पुन्हा एका दुपारी गेले. सरांनी मोबाइलवर पान उघडलं. आवाज तोच, पण आता मध्ये काही अडथळा नव्हता. धडा पहिला. धडा दुसरा. सर हसले. "वा! आता कसं सुरात आलं."

"धडा तिसरा," फोन म्हणाला आणि थांबला. मग त्याच सपाट सुरात म्हणाला, "ही कोण आली घरात?"

मी जागची हलले नाही. सरांनी मोबाइल मांडीवर ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड वळवलं.

"वेबसाइटवाली आहे, ताई. चांगली पोरगी आहे. निघूनच राहिली आता."

"धडा चौथा," फोन म्हणाला.

मी लॅपटॉप उघडून माझ्या पानात ते शब्द शोधले. नव्हते. मग ताईंच्या जुन्या पानात शोधले. तिथेही हे वाक्य नव्हतं. सरांचा मोबाइल मागून घेतला, कोणाचा मेसेज आला असेल म्हणून. काहीच आलेलं नव्हतं.

"कायले शोधून राहिली?" सर शांतपणे म्हणाले. "काम चांगलं झालं तुझं. जाय आता, ऊन उतरलं."

घरी येऊन मी दोन दिवस कॉम्प्युटर उघडला नाही. कोडमध्ये चूक असली की ती कुठेतरी सापडतेच, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. ही मला आजपर्यंत सापडलेली नाही.

वेबसाइट नीट चालते. कुठूनकुठून मुलं धडे ऐकतात आणि सरांना फोन करतात. मागच्या महिन्यात सरांचा मला फोन आला, एक नवा धडा चढवायचा होता. बोलणं संपता संपता मी विचारलंच, "सर, मध्ये काही ऐकू येतं का अजून?"

पलीकडे कूलर सुरू होता.

"तू काहून विचारून राहिली?" ते म्हणाले. "धडा चढव."

मी चढवला. पान नीट दिसतंय ना ते पाहिलं. त्या आवाजाकडून ते वाचून घेतलं नाही.