मोठ्यानं केलेली प्रार्थना

डब्याचं झाकण काढायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचं. जेवणाच्या सुट्टीत ते रोज प्रार्थना करत, तीही मोठ्यानं. आधी दिल्लीचे राज्यकर्ते, मग गांधीनगरचे, मग आमचे साहेब. "हे देवा बापा, यांना सुबुद्धी दे."

सुरतेच्या एका सरकारी कचेरीत आम्ही तीन मराठी कारकून होतो. ते, मी आणि जोशी. ते नगरकडचे ख्रिस्ती. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि हे एकटे. आम्ही त्यांना चेष्टेनं फादर म्हणायचो. जोशीला तर मोकळं रानच!

"फादर, आटपा, भाजी गार झाली. सरकारची एवढी आरती कशाला?"

"आरती नाही हो, काळजी," ते हसत. "सत्तेवर बसलेल्याला देवाची गरज जास्त."

शहात्तर साली गांधीनगरचं विरोधी पक्षांचं सरकार पडलं आणि आणीबाणी आमच्याही दारात आली. एका सकाळी पोलिसांनी जोशीला घरून उचललं. कुठल्याशा पत्रकांवरून, म्हणे. कचेरीत कुणी त्याचं नाव काढेना. मला तर त्याच्या खुर्चीकडे बघायचीही भीती वाटत होती.

त्याच दुपारी फादरांनी नेहमीसारखे हात जोडून डोळे मिटले. दिल्ली झाली, गांधीनगर झालं, साहेब झाले. आणि मग, "हे देवा बापा, आमच्या जोशीला तुरुंगात सांभाळ. त्याला अन्यायानं धरलंय."

अहो, मी हातातला घास परत डब्यात ठेवला. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या.

"मनातल्या मनात करा ना! मरायचंय का?" मी कुजबुजलो.

त्यांनी डोळे उघडले. "मीही भ्यालोय. पण साहेबांसाठी मोठ्यानं आणि जोशीसाठी मनात? ते लांगूलचालन झालं हो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मी माझा डबा उचलून लांब खिडकीशी बसायला लागलो. तुम्ही काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

मग साहेबांनी मला आत बोलावलं. "रोज ए शुं बोले छे?" तो रोज काय बोलतो, ते लिहून द्यायला त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मला घरची दोन लहान पोरं दिसायला लागली. मी लिहून दिलं. आठवड्याच्या आत फादरांची आहव्याला बदली झाली, तिकडे डांगच्या जंगलात.

आईला पाठुंगळी घेऊन ते एसटी स्टँडवर आले. मी पोचवायला गेलो होतो. कुठल्या तोंडानं, ते विचारू नका. शेवटी राहवेना.

"फादर, तो कागद मी लिहून दिला."

म्हातारीला खिडकीशी नीट बसवून ते खाली उतरले. वाटलं, आता मुस्काटात देतात. दिली असती तर बरं झालं असतं.

"घाबरला असाल. मी नाही का घाबरत?" ते म्हणाले. "खरं तेवढंच लिहिलंत ना?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. त्यांनी माझा हात दाबला आणि ते बसमध्ये चढले. पुन्हा ते मला कधी दिसले नाहीत.

कागदावर मी लिहिलं होतं, 'हे गृहस्थ दुपारच्या सुट्टीत सरकारविरुद्ध सभा घेतात.'