शेणाच्या गॅसवरचा नैवेद्य

मला पदवीपर्यंत पोचवलं ते माझ्या आत्याने. चुलीच्या धुराने तिचे डोळे सतत चुरचुरत. सरकार गोबरगॅस बसवायला अनुदान देऊ लागलं, तरी ती अडून बसली. "शेणाच्या गॅसवर देवाचा नैवेद्य? कुणाच्या देवाला चालला ते आधी बघून ये."

म्हणून सणाच्या दिवशी मी मळवलीला एका अनोळखी मावशींच्या दारात उभा राहिलो. गावात गोबरगॅस त्यांच्याकडेच होता. त्यांनी काडी ओढली, निळ्या जाळाला हात जोडले आणि पुरण शिजत ठेवलं. मधूनच जुन्या सवयीने त्यांचा हात फुंकणीकडे जाई, मग त्या स्वतःशीच हसत.

मी भीतभीत विचारलं, "मावशी, देवाला चालतं हे?"

"आरं, देवघर कशानं सारवतो आमी? शेणानंच न्हवं? तवा न्हाई रुसला त्यो, मग आत्ताच कशापायी रुसंल?"

नैवेद्य दाखवून त्यांनी पहिली पोळी माझ्या हातावर ठेवली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

स्टेशनवर बसूनच मी पोस्टकार्ड लिहिलं: "आत्या, देवाला चाललं. प्रसाद मी खाल्ला. खड्डा खणायला माणसं सांगून ठेव, मी रविवारी येतो."