सफरचंदाच्या तोंडाची बाहुली

“वाळेलं मुंडकं सापडलं तिच्या घरात. लेकराचंच असन,” कुंपणापलीकडे एक बाई दुसरीला म्हणाली.

मी ओट्यावर गोधडीला ऊन दाखवत होते. हात जागीच थांबले. ते मुंडकं नव्हतं. ते वाळवलेलं सफरचंद होतं, आणि ते माझं होतं.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून मी वडनेरला परत आले, त्या वर्षी मिशनच्या दवाखान्यातली अमेरिकन नर्सबाई कायमची मायदेशी निघाली. तिच्या बंगल्यावरचं सामान विकायला काढलं होतं. लोकांनी पलंग नेले, कंदील नेले. कोणाला नको ते मी घेतलं: चिंध्यांच्या चांदण्या जोडलेली गोधडी, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा, खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडायचं एक लाकडी बदक. बदकाच्या पाठीत शिकाऱ्याचे छर्रे रुतलेले होते. आणि ती बाहुली. आपल्या गावाकडच्या शेतकरणी सफरचंद सोलून त्यात नाकडोळे कोरतात आणि चुलीजवळ टांगून वाळवतात, असं नर्सबाईनं सांगितलं. फळ आक्रसतं आणि त्याची म्हातारी होते. अशा वस्तूंवर करणाऱ्याचं नाव नसतं, हे मला फार आवडलं. पुढे एखादं मिशनचं बिऱ्हाड हलणार असं कळलं की मी एसटीनं जायची आणि काहीतरी घेऊन यायची.

“लोकाइच्या पोरी लुगडी जमवतात,” आई म्हणायची, “आमची अमेरिकेच्या चिंध्या जमवून राह्यली.”

बाहुलीचा काळा घागरा उसवला होता. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईचा हात शिवणाला चांगला, म्हणून मी ती तिच्याकडे दिली. ती विधवा होती, एकटी राहायची. बाहुली पाहून ती खो खो हसली. “ताई, हे तं माही सासूच हाये वं! अशीच पाह्ये मायाकडे.”

उंदरांनी कुरतडू नये म्हणून तिनं ती घरी आढ्याला टांगली. त्याच आठवड्यात तिच्या शेजारच्या पोराला तापात झटके आले. विस्तव मागायला आलेल्या पोराच्या बापाला आढ्याला लोंबणारं ते तोंड दिसलं. डोक्याला केस टाचण्यांनी टोचलेले होते. त्याला चेटकाचा दुसरा पुरावा लागला नाही.

मी ओट्यावर गोधडी धरून उभी असतानाच लोकांनी तिला केसांना धरून, बाहुलीसकट, आमच्या घरासमोरच्या पारापाशी आणलं. तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांनी मारत होते. एक तुटली की दुसरी. ती डोकं वाचवायला हात वर करायची, म्हणून कोणीतरी हातावरच लाकडाचा ओंडका घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ओट्यावर ऐकला. तिचा डावा हात पुढे कधीच सरळ झाला नाही.

बाबा शेगावला गेले होते. दारात दादा उभा होता.

“आत चाल.”

“दादा, ती बाहुली...”

“मले माहीत हाये कोणाची हाये थे. रविवारी मेहकरचे पाहुणे तुले पाहाले येऊन राह्यले. आता बोलली तं लोकं तुलेच चेटकीण म्हनतीन. मंग कोन करते तुह्याशी लग्न?”

मी पाऊल उचललं तशी त्यानं माझ्या कानाखाली मारली आणि मनगट पिरगाळलं. बांगड्या फुटून हातात रुतल्या. आई आतून म्हणाली, “अरे, हळू. रविवारपर्यंत वळ गेले पाह्यजेन.”

“कोनी शिकवलं तुले हे? सांग!” पोराचा बाप ओरडत होता. “कोनाचं मुंडकं हाये?”

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचं नाक फुटलं होतं, एक डोळा मिटला होता. ‘ताईची बाहुली हाये’ एवढं म्हणाली असती तर मार थांबला असता. रविवारचं तिलाही ठाऊक होतं. पाहुण्यांसाठी आमची पितळी तांब्या-भांडी तिनंच चिंचेनं घासून ठेवली होती.

“मले काई माहीत नाई,” ती म्हणाली आणि नजर फिरवली.

“दात पाडा हिचे,” गर्दीतून आवाज आला. “दात गेले का मंतर म्हनता येत नाई.”

पोराच्या बापानं दगड उचलला. दोघांनी तिचा जबडा ओढून उघडा धरला.

माझ्या पुस्तकी मराठीला गाव हसायचं, म्हणून मी चारचौघांत कधी बोलत नसे. दादाचा हात माझ्या तोंडावर आला, त्याला मी चावले, रक्त लागेपर्यंत चावले, आणि तो सुटताच ओट्यावरून उडी टाकली. बाहुली पाराखाली मातीत पडली होती. ती उचलून मी दगड आणि त्या बाईचं तोंड यांच्या मध्ये धरली.

“थे माही हाये,” मी ओरडले. “म्याच देली तिले. सोडा तिले!”