देवाजवळची राळ

शेजारणीनं काल राळ जाळली, तसा टॉवरच्या कामाला आलेला तो इंजिनेर आठवला. अहेरीकडच्या आमच्या गावात फोन लागत नव्हता न बायकोची छाती खराब. टॉवरवर लावायची त्याची नवी पाटी, म्हणजे अँटेना, जमली तर दवाखान्याची गाडी बोलावता येईन, ही तिची आस. आमच्या ओसरीवर पाटीला तापल्या कथलानं तार जोडताना कथील धरायची त्याची राळ संपली, तिनं देवाजवळची दिली. तिच्या धुरानं बायको खोकली. तो म्हणे, "बाई, पाटीवरच्या तांब्याच्या एकाच चौकोनातून दोन आवाज जातात, एक उभ्या लहरीवर न एक आडव्या. ते मिसळू नाई, हीच मेहनत." ती म्हणे, "आमच्याकडं ते फुकटात आहे, भाऊ. छप्पर एक, पण या माह्या बुढ्याच्या कानात माह्यं काईच जात नाई." तो हसला, मीही. टॉवर झाला, पण त्याआधीच उरलेली राळ मी तिच्या चितेवर टाकली. आता फोन लागते. घरात एकच आवाज आहे, तो कशातच मिसळत नाई.