बाईंचा गोठा

खर्डीपासून आत, भातखाचरांच्या पलीकडच्या एका लहान गावात मी शाळामास्तर होतो आणि माझी पत्नी त्याच शाळेच्या पडवीत बालवर्ग चालवीत असे. ती लढाईची वर्षे होती. गावात तिला माझी पत्नी म्हणून कोणी ओळखत नसे. ती ‘बाई’ होती, आणि काही काळाने मीच ‘बाईंचे गुर्जी’ झालो. आता ती नाही. ती गेल्यापासून मी पुस्तक उघडतो आणि एकाच पानावर बराच वेळ थांबून राहतो. त्यापेक्षा लिहावे असे ठरवले आहे, आणि लिहायचे तर तिच्या त्या वर्गाविषयीच. तिच्यासारखे शिकवणे मी पुढे कुठे पाहिले नाही.

पडवीला एका बाजूने शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूने कुडाची अर्धी भिंत आणि वर कौले. तिथली जमीन ती मुलांना बरोबर घेऊन सारवी. प्रत्येकाने आपल्या बसण्यापुरती जागा सारवायची आणि शेणात बोटांनी वळणे काढायची. कोणाची वळणे गोल, कोणाची लाटांसारखी. सुकल्यावर जो तो आपापल्या वळणांवर जाऊन बसे, त्यामुळे तिच्या वर्गात जागेवरून भांडण होत नसे. माझ्या तिसरी-चौथीत ते रोज होई.

लग्नाआधी ती शहरातल्या एका अभ्यासवर्गाला जाऊन आली होती. तिथे लाकडी मणी होते, ठोकळे होते, रंगीत कागद होते. आमच्याकडे तर वह्यांनाही कागद मिळत नव्हता. तेव्हा तिने तिथली साधने सोडून दिली आणि एक विचार तेवढा ठेवून घेतला: लहान मुलाला एका वेळी एकच विषय द्यावा, पण तो सगळ्या बाजूंनी द्यावा. प्रत्येक पंधरवड्याला तिचा एक विषय असे. इरल्याच्या पंधरवड्यात मुलांनी पळसाच्या पानांची आणि कामट्यांची अंगठ्याएवढी इरली केली, ती दगडांच्या डोक्यांवर ठेवली आणि वरून पाणी ओतून कोणाचा दगड कोरडा राहतो ते पाहिले. भाताच्या पंधरवड्यात तूस, कोंडा, कणी आणि तांदूळ डोळे मिटून हाताने ओळखायचे, पेंढ्याची दोरी वळायची, आणि लोंबीतले दाणे मोजता मोजता आकडे शिकायचे. विषय संपला की तयार वस्तू मुले घरी नेत. मी भिंतीआड पाढे म्हणून घेत असताना तिकडून कधी बेडकांचा, कधी उखळाचा आवाज येई आणि माझा वर्ग खिडकीकडे मान वळवी. खरे सांगायचे तर मीही वळवीत असे.

वर्ग मात्र पक्का नव्हता. बोर्डाने तो एका वर्षाच्या बोलीवर दिला होता. वर्गातली निम्मी मुले गावाच्या कडेच्या वाडीतली. त्या घरांना शेती नव्हती. पावसाळ्यात मोठी माणसे दुसऱ्यांच्या खाचरांत राबत आणि दिवाळी झाली की सगळे कुटुंब, चुलीच्या भांड्यांसकट, रानात कोळशाच्या भट्ट्यांवर जाई. शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटी साहेबांनी पहिल्याच भेटीत सरळ सांगितले होते की वाडीची मुले एकदा भट्टीवर गेली की शाळेत परतत नाहीत, हा त्यांचा सगळीकडचा अनुभव आहे. पुढच्या जूनमध्ये तीच मुले पुन्हा येऊन बसलेली दिसली तर वर्ग चालेल, नाहीतर बंद होईल. साहेब कठोर नव्हते. त्यांना खोटी आशा द्यायची नव्हती, इतकेच.

त्या संध्याकाळी ती भाकरी थापता थापता मला म्हणाली, “वर्ग बंद झाला तर मी नुसती गुरुजींची बायको उरेन.” वाईट वाटून घेऊ नका, असेही पुढे म्हणाली. मी घेतले नाही. ती काय म्हणते आहे ते मला कळत होते.

पोळा जवळ आला तसा तिने बैलांचा पंधरवडा घेतला. खाचरातली काळी माती आणून तीत तूस आणि थोडे शेण मळले, म्हणजे सुकताना तडा जात नाही. शिंगांना बाभळीचे काटे, डोळ्यांना गुंजा, शेपटीला वाख. प्रत्येकाने बैलांची एक जोडी केली आणि तिच्या मानेवर बांबूच्या काडीचे जू बांधले. सगळ्या जोड्या भिंतीतल्या लांब फळीवर सुकत ठेवल्या. गेरूचे ठिपके दिल्यावर फळी पाहण्यासारखी झाली. गावातली मोठी माणसेही काही निमित्त काढून पडवीत डोकावून जात.

आणि इथे तिची चूक झाली. वर्गाने काय केले ते साहेबांना दाखवायला काहीतरी मागे राहावे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी तिने प्रत्येक जोडीचे जू सोडले, एक बैल फळीवर ठेवला आणि एक मुलाच्या हाती घरी न्यायला दिला. ती वाढली कल्याणात. तिच्या लेखी ही सारखी वाटणी होती. मुले बैल घेऊन तिथेच उभी राहिली. वाडीतली एक मुलगी होती. इतक्या महिन्यांत तिने वर्गात तोंड उघडले नव्हते, जे काय सांगायचे ते मानेने सांगे. तिने हातातला बैल पाहिला, फळीवरचा पाहिला आणि म्हणाली, “बाई, एकला बैल काय करंल?”

मुलगी बोलली याचाच माझ्या पत्नीला इतका आनंद झाला की ती काय बोलली याकडे तिचे लक्ष गेले नाही. ते दुसऱ्या दिवशी गेले. मुलीचा बाप सकाळीच शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. तो पावसाळाभर गावातल्या एका शेतकऱ्याचा नांगर धरी. अंगाने बारीक, बोलायला सावकाश. तो आत आला नाही. पायरीवरूनच म्हणाला, “बाई, तुमी जोडी फोडलीत.” मग म्हणाला, “आमच्या घरात बैल नाय. कधी नव्हतं. ही पयली जोडी आली, तीबी मातीची. ती तरी राहू द्याची.”

तेव्हा आम्हाला उमगले. तिकडे जोडी फुटते ती एक बैल मेला म्हणजे, किंवा घराची दशा झाली म्हणजे. मुलाच्या हातून एकटा बैल घरात येणे कोणालाही बरे वाटणार नव्हते. वाडीत आदल्या रात्री त्यावरून बायकांची बोलाचाली झाली होती, असेही त्याने सांगितले. मला वाटले, आता ही बैल परत देईल आणि चुकले म्हणेल. चुकले असे ती म्हणालीच. पण बैल तिने दिला नाही.

“दादा, मी जोडी फोडली नाही असं धरा,” ती म्हणाली. “एक बैल माझ्या गोठ्यात बांधून ठेवलाय. दुसरा तुमच्याबरोबर भट्टीवर येऊ दे. पावसाच्या आधी परत आणा, इथंच जू बांधू.”

त्याने फळीकडे पाहिले. “चारा घालाल ना?” असे विचारले, आणि मला वाटते तो थोडा हसला. ती म्हणाली, रोज.

घरी आल्यावर मी विचारले की हे गोठ्याचे कधी ठरले होते. “त्यांच्याशी बोलता बोलता,” ती म्हणाली. मला तिचे हेच नेहमी मोठे वाटत आले आहे. आपली चूक कळल्यावर बहुतेक माणसे ती झाकतात किंवा टाकून देतात. तिने तिचाच पुढचा धडा केला. वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन तिने तेच सांगितले. दिवाळीनंतर माणसे निघाली तेव्हा मुलांच्या हातांत पळसाच्या पानात गुंडाळून वाखाने बांधलेला एकेक बैल होता. भांड्यांच्या गाठोड्यात तो कोणी घालू दिला नाही.

पडवी निम्मी रिकामी झाली. शेतकऱ्यांच्या मुलांनी आपापले दुसरे बैल आणून जोड्या केव्हाच लावल्या होत्या आणि घरी नेल्या होत्या. फळीवर राहिले ते वाडीचे एकटे बैल. तिने ते दाराकडे तोंड करून मांडले होते. कोंबडीच्या पिसाने ती ते रोज झाडी आणि समोर गवताची काडी ठेवी. ते काम मुले पाळीपाळीने मागून घेऊ लागली. गावात त्या फळीला ‘बाईंचा गोठा’ म्हणू लागले. दुकानाच्या ओट्यावर कोणी म्हणे, “बाई, तुमच्या गोठ्यात सगळंच एकलं. औताला काय जुपाल?” ती हसून म्हणे, यंदा औत नाही, विसावा आहे. एका मुलाने तर प्रत्येक बैलाला नवा जोडीदार करून द्यायची तयारी दाखवली. हात चांगला होता त्याचा. तिने त्याला समजावले की ह्यांचे जोडीदार आहेत, फक्त लांब आहेत. मग पुढचा पंधरवडा तिने वाटेचा घेतला. अंगणात राखेने वाट आखली, खडे मांडून ओढा केला, झाडे केली, आणि वाटेच्या टोकाला मुलांनी ओल्या मातीची एक भट्टी रचली. म्हणजे वर्गातून गेलेली मुले कुठे आहेत ते उरलेल्यांना रोज दिसत राहिले.

जूनमध्ये शाळा उघडली आणि वाडीतून कोणी आले नाही. साहेबांचा निरोप आला होता की ते महिनाअखेरीच्या आत येतील. मी वाडीवर जाऊन पाहिले तर झोपड्यांच्या दारांना काटक्या लावलेल्या.  पडवीतली त्या मुलांची जागा तिने एकटीने सारवली. वळणे मात्र काढली नाहीत. ती ज्याची त्याने काढायची होती.

मृग निम्मा सरला असेल. मी हजेरी घेत होतो. पडवीत एकदम शांत झाले म्हणून खिडकीतून पाहिले. तोच बाप पायरीशी उभा होता, पुढे ती मुलगी, तिच्या हातात पळसाचे वाळके पान. तिने पान उघडले. आतला बैल तांबड्या मातीचा होता.

“ह्यो त्यो नाय, बाई,” बाप म्हणाला. त्याच्या बोलण्यात भीती होती, एवढा जाणता माणूस असून. पहिला बैल भट्टी उतरवताना कोळशाच्या पाटीखाली चुरडला होता. पोर दोन दिवस जेवली नाही. मग त्याने भट्टीजवळची माती घेऊन हा केला. तिकडे काळी माती नव्हती. शिंगांना काटे होते, डोळ्यांच्या जागी कोळशाचे खडे.

माझी पत्नी खाली बसली. तिने फळीवरचा काळा बैल काढून मुलीपुढे ठेवला आणि जू तिच्या हाती दिले. “नव्या बैलाला सवय व्हायला वेळ लागतो,” ती म्हणाली. “सांभाळून बांध.” मुलीने जू बांधले. बापाने वाकून पाहिले, नवा बैल उंचीला जरासा कमी पडतो आहे म्हणाला, आणि कामाला गेला. मुलगी आपल्या जागेवर जाऊन बोटांनी वळणे काढू लागली. माझी हजेरी तशीच राहिली होती.

त्यानंतर एकेक घर येत गेले. कोणाचा बैल धुराने काळा झालेला, कोणाचे शिंग मोडलेले, पण बैल घेतल्याशिवाय कोणी आले नाही. साहेब आले तेव्हा फळीवर जोड्या होत्या आणि खाली मुले. साहेबांनी वर्गाला काही प्रश्न विचारले, गाणे ऐकले आणि त्या तांबड्या-काळ्या जोडीपाशी थांबले. मुलीला विचारले, यातला तुझा कोणता?

“दोनी,” ती म्हणाली.

साहेबांनी वर्ग चालू ठेवला. जाताना मला म्हणाले की आपला अनुभव खोटा ठरला तर बरे वाटते, आणि तसे क्वचित घडते.

एक बैल मात्र फळीवर एकटाच राहिला. तो एका मुलाचा होता. त्याच्या घरचे भट्टीवरून पुढे घाट चढून गेले, एवढेच कळले. पुढची दिवाळी गेली, तो आला नाही. माझी मुरबाडकडे बदली झाली तेव्हा तिने शाळा सोडताना सगळे मागे ठेवले, पण तो बैल जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला. मुरबाडच्या शाळेत तिने नवा वर्ग काढला, पुष्कळ वर्षे चालवला, आणि तिथल्याही फळीवर तो पहिल्या दिवसापासून होता. मुले विचारत तेव्हा ती सांगे, हा पाहुणा आहे, ह्याचा मालक यायचा आहे. मी तिला कधी म्हणालो नाही की तो मुलगा आता बाप्या झाला असेल, आला तरी बैल ओळखणार नाही. तिला ते माझ्याइतकेच माहीत होते.

परवा सुनेने कपाट आवरायला काढले. बैल हातात घेऊन तिने विचारले, “मामंजी, हा एकच कसा? ह्याचा जोडीदार कुठं आहे?”

मी म्हटले, “यायचा आहे.”

ती बैल ओल्या फडक्याने पुसायला निघाली होती, तिला मी थांबवले आणि पिसे कुठे ठेवली आहेत ते दाखवले. तिने तो हलक्या हाताने झाडला आणि होता तिथे, दाराकडे तोंड करून ठेवला.