पुकारा आणि तुळई

छत कोसळलं तेव्हा कोर्टाचा शिपाई दारात उभा राहून माझ्या नावाचा पुकारा करत होता. धुळीत काही दिसेना. जाऊ माझ्या पुढ्यात पडून किंचाळत होती, तिच्या पायावर तुळई. मी तिला ओलांडलं आणि दाराकडे तोंड करून ओरडले, "हजर!"

लाज वाटत नाही. मागे एकदा मी चहाला बाहेर गेले होते. तीनदा पुकारा झाला, मी नाही, वकील नाही. दावा काढून टाकला. तो परत उभा करायला दोन वर्षं गेली. तोवर मी साकीनाक्याला भावाच्या पोटमाळ्यावर वाकून राहत होते आणि मालाडच्या माझ्या खोलीला जाऊने कुलूप घातलं होतं.

लोक त्या कोर्टाच्या इमारतीचे फोटो काढायचे. खाली काळा दगड, कमानी, हातभर जाड भिंती. वर सगळं सागवान आणि मंगलोरी कौलं. जिन्याखालच्या कमानीत बसणारा म्हातारा टायपिस्ट सांगायचा, वरच्या मजल्यावर गोरा साहेब राहायचा. एक पलंग आणि एक मडम, एवढंच वजन पेलायच्या त्या तुळया. पुढे तिथे लोखंडी कपाटं चढवली आणि फायली भरल्या. तारखा पडत गेल्या, फायली वाढल्या, तुळया वाकल्या. वरून रंग तेवढा मारायचे.

आमचं बाकडं दाराजवळ, त्या तुळयांखाली. तिथूनच पुकारा नीट ऐकू यायचा.

त्या दिवशी टायपिस्ट म्हणाला, "बायांनो, चुना गळतोय. इकडे कमानीखाली या."

"आधी हिला उठवा," जाऊ म्हणाली.

"तू ऊठ. मी उठले की नाव पुकारतील, तुला तेच पाहिजे."

"सासूचं हगणंमुतणं मी काढलं, खोली हिला पाहिजे!"

"काढलंस, आणि वर तिचा अंगठाही घेतलास कागदावर."

टायपिस्ट उठून आला. आमचे दंड धरून ओढायला लागला. "मराल गं दोघी!" तेवढ्यात शिपाई दारात आला.

दार दगडी कमानीत होतं, शिपायाला खरचटलंही नाही. जाऊचा पाय गुडघ्याखाली कापला. दावा अजून चालू आहे, दुसऱ्या इमारतीत. मी वाचले, जाऊ वाचली. टायपिस्ट जागीच गेला.